दोन मात्रा

परीक्षा संपली त्या दुपारी वसतिगृहातल्या आमच्या खोलीत आम्ही तिघींनी आपापले बेत सांगितले. एक डोंगरात जाणार होती, दुसरी समुद्रावर आणि मी तिसऱ्या मजल्यावर. सुट्टी संपवून परत आलो तेव्हा डोंगरवालीच्या पायाला फोड होते, समुद्रवालीच्या नाकाची साल निघाली होती. माझं बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, त्यामुळे माझी सुट्टी कशी गेली हे कुणी फारसं विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर एका छापखान्याची प्रुफं तपासायची खोली होती आणि तिथे सत्तावीस वर्षं माझे बाबा बसत होते. प्रुफं तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील प्रुफावर नजर ठेवून लाल पेन्सिल चालवायची. बाबा पेन्सिलवाले. वाचणाऱ्या काकांना सगळे रेडिओ म्हणत, कारण ते एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण सापडत नसे. त्या उन्हाळ्यात रेडिओकाकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना दोन महिने बोलायची बंदी केली. काकूंनी ही बातमी आम्हाला फोनवर सांगितली तेव्हा त्यांचा आवाज असायला हवा तितका दुःखी नव्हता.

"मग तूच चल," बाबा मला म्हणाले. "कॉलेजात वाचायलाच शिकवतात ना?"

"मनात वाचायला शिकवतात."

"मनातलं मला ऐकू येत नाही."

"जा गं, जा," आई म्हणाली. इतक्या लगेच, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आई कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हणत नाही. एकोणीस वर्षांची माझी नोंद आहे.

छापखान्यात औषधांच्या खोक्यात घालतात ते घडीचे कागद छापले जात. कुणीही न वाचता फेकून देतं ते. आम्ही मात्र अक्षर न् अक्षर वाचायचो, आणि तेसुद्धा भलत्याच भाषेत. वाक्य वाचताना विरामचिन्हं उच्चारायची: स्वल्प, अपूर्ण (म्हणजे दोन टिंबं), पूर्ण. शब्द अडला तर त्याच्या अंगावरचे सगळे दागिने मोजून दाखवायचे: पहिली वेलांटी, दुसरा उकार, एक मात्रा, दोन मात्रा. 'वैद्य' वाचताना म्हणायचं, "व, दोन मात्रा." पहिले तीन दिवस मी घरी आईशीसुद्धा तसंच बोलले. "आई, स्वल्प, पाणी दे, पूर्ण." आईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला सवय असणार.

माणसं मोजायची मला खोड आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मोजण्याजोगी फारशी नव्हती. मालक दिवसातून तीन वेळा 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' म्हणत. त्यातल्या दोन वेळा कुणाला तरी उशिरापर्यंत थांबवायचं असे. शेजारच्या खोलीत संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या ताई होत्या. मुलाच्या शाळेसाठी त्यांना एक तास लवकर जायचं असे, ते मालकांच्या डोळ्यांत सलायचं. म्हणून 'कुटुंब' हा शब्द मालक ताईंकडे पाहूनच उच्चारत. आणि बाबा. त्यांच्याबद्दल सगळे एकच वाक्य सांगत: यांच्या हाताखालून चूक जात नाही. मालक नव्या गिऱ्हाइकाला आधी आमच्या खोलीत आणून बाबा दाखवत, मग यंत्रं.

नवव्या दिवशी माझ्या हातून मूळ प्रतीची दोन पानं एकत्र उलटली गेली. डिंकाने चिकटली होती. मी पाचव्या पानावरून थेट आठव्यावर गेले आणि तसंच वाचत राहिले. चूक लक्षात आली तेव्हा मी वर बघितलं. बाबांची पेन्सिल सहाव्या पानाच्या ओळींखालून संथपणे सरकत होती. मी वाचत होते पोटदुखीबद्दल आणि त्यांच्या समोर खोकला होता. मी थांबले. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"बाबा, मी दोन पानं गाळली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. टेबलावर ती कुठे ठेवली हे हाताने चाचपून पाहिलं.

"मग मागे जा," ते म्हणाले. "सहापासून वाच."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"कडेचं दिसतं. तू आलीस की तुझी ओढणी दिसते. मधलं गेलं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आईला माहीत आहे."

माझ्या डोक्यातले सगळे हिशेब त्या क्षणी पुन्हा मांडावे लागले. आमच्या घरात वर्षभर कुणी खुर्ची इकडची तिकडे का करत नव्हतं. चहाचा कप नेहमी उजव्या हाताशीच का यायचा. आई रस्त्याने चालताना बाबांशी सतत का बोलायची. मला वाटलं होतं, म्हातारपणी प्रेम वाढतं.

"आणि रेडिओकाका?"

"तो दोन्हीकडे बघायचा. एक डोळा मूळ प्रतीवर, एक प्रुफावर. चूक दिसली की वाचता वाचता टेबलावर टिचकी मारायचा. मग मी तिथे खूण करायचो. खूण कुठे करायची तेही तोच बोट ठेवून दाखवायचा." ते जरा हसले. "लोकांना वाटायचं, रेडिओ ताल धरतो."

डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं: जे गेलं ते येणार नाही, जे आहे ते जाईल. मालकांना सांगायला हवं, असं मी म्हटलं.

"घरी बसून मी काय करू?" ते म्हणाले. "तुझी आई मला पुसून पुसून फळीवर ठेवील. इथे आलो की मला कुणीतरी विचारतं, हा शब्द कसा लिहायचा. तेवढं राहू दे गं."

मी राहू दिलं. हा माझा निर्णय होता आणि मी तो हसत हसत घेतला, कारण खरं सांगायचं तर मजा येत होती. मी टिचकी मारायला शिकले. मालक दारात आले की बाबा पेन्सिल कानावर अडकवून म्हणत, "काय चांडाळ मुलगी आहे, 'नियमित'ला दुसरी वेलांटी वाचते," आणि मालक खूश होऊन जात. बाबांचा कानही असा होता, की माझी नजर चुकली तरी वाक्य कुठे लंगडतंय ते त्यांना कळायचं. आमची जोडी जमली. दुपारच्या डब्याला आम्ही दोघं गिऱ्हाइकांच्या चुकांवर हसायचो. बाबांना मी कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं आणि ते माझ्यामुळे हसतायत याचा मला गर्व होता.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. छातीतली धडधड कमी करणाऱ्या एका पातळ औषधाचा कागद दुपारी छपाईला जायचा होता. आम्ही तो आदल्या दिवशीच तपासून हातावेगळा केला होता. आमच्या टेबलावरचा फोन वाजला. शेवटच्या घटकेच्या दुरुस्त्या फोनवर आल्या तर त्या बाबाच घेत. त्यांच्या कानावर मालकांचा कागदापेक्षा जास्त विश्वास होता. औषध कंपनीतला कुणी पोरगेलासा कारकून होता. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता.

"तिसऱ्या ओळीत एक मात्रा करा. दोन पडल्यात."

"कुठे म्हणालात?" बाबांनी विचारलं.

"ते 'दैनिक प्रमाण' लिहिलंय ना, तिथे. दोन मात्रा नकोत, एकच पाहिजे."

बाबांनी फोनवर हात ठेवला. "तिसरी ओळ वाच गं."

मी प्रूफ ओढलं. "दैनिक प्रमाण, अपूर्ण…"

"बस, बस. कळलं." त्यांनी हात काढला. "अहो, दोनच बरोबर आहेत."

"नाही हो, एकच. वरून सांगितलंय."

"वरच्यांना म्हणावं, शब्दकोश उघडून बघा."

मग तो म्हणाला, "बरं, तुम्ही नीट बघून घ्या मग," आणि त्याने फोन ठेवला. त्यालाही जेवायला जायचं असावं.

"यांना 'देनिक' हवंय," बाबा म्हणाले. "उद्या 'वेद्य' मागतील. परवा 'पेसे'."

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. शेजारच्या खोलीतून ताईंनी विचारलं, काय झालं, तेव्हा मी त्यांनाही ओरडून सांगितलं आणि त्याही हसल्या.

तिसरी ओळ अशी होती: 'दैनिक प्रमाण : प्रौढांसाठी दोन मात्रा. (एक मात्रा म्हणजे एक झाकण.)' आज ती मला झोपेतही म्हणता येते. त्या मंगळवारी 'अपूर्ण'च्या पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं का, हे मात्र मला कितीही आठवून आठवत नाही. बाबांचं मी समजू शकते. सत्तावीस वर्षं 'मात्रा' म्हणजे अक्षरावरची तिरपी रेघ, याखेरीज काही असू शकतं हे त्यांच्या कानाला सुचलं नाही. पूर्वी त्यांनी ओळीवर नुसती नजर टाकली असती तरी पुढचे तीन शब्द त्यांना दिसले असते. आता त्यांची नजर म्हणजे मी होते, आणि मी हसत होते.

कंपनीने औषध दुप्पट कडक केलं होतं. म्हणून दोन झाकणांच्या जागी एक. कागद जुन्या प्रतीवरून जुळवला होता, म्हणून त्यात दोन राहिले. हे सगळं आम्हाला पाच आठवड्यांनी कळलं, तोवर बाटल्या दुकानांत पोचून रिकाम्या होऊ लागल्या होत्या. चौघांना चक्कर येऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तिघं घरी आली. चौथ्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. त्या आल्या नाहीत.

मालकांनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या दिवशी ते कुटुंबाबद्दल काही बोलले नाहीत. कंपनी म्हणत होती, आम्ही फोनवर सांगितलं होतं. मालकांनी सरळ ताईंकडे बघितलं.

"तुमच्याही टेबलावर फोन आहे."

"मला आला नाही," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे प्रत आली तसं मी जुळवलं. प्रतीत दोनच आहे, काढून बघा."

"तुम्ही त्या दिवशी लवकर गेला होतात?"

"मी रोजच जाते. विचारून जाते." त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मंगळवारचं ते हसणं त्यांना आठवलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. आणि गप्प राहिल्या. मनातल्या वहीत त्यांच्या नावापुढे मी तेव्हा जे जमेला लिहिलं ते कधी खोडणार नाही.

"फोन मी घेतला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, ते शुद्धलेखनाचं सांगतायत."

मालकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आठवड्याभरात आपणहून निघून जाणारा गुन्हेगार सहसा मिळत नाही. ते बाबांकडे वळले.

"हिनं तुम्हाला विचारलं नाही?"

मी मनात आकडे मोजले. चारपर्यंत पोचले.

"लहान आहे अजून," बाबा म्हणाले.

त्या तीन शब्दांत खोटं काहीच नव्हतं. त्यांच्यासारख्या माणसाने निवडलेले शब्द होते ते.

घरी आम्ही जेवलो. कप बाबांच्या उजव्या हाताशी आला. नंतर स्वयंपाकघरात मी आईला सगळं सांगितलं. ती ओट्यावरून फडकं फिरवत राहिली.

"तू आठवड्याने जाणारच आहेस," ती म्हणाली. "त्यांनी कुठे जायचं?"

"एक बाई गेल्या, आई."

"ऐकलं मी." फडकं त्याच जागेवरून पुन्हा फिरलं. "तू बोललीस ते बरंच केलंस. आता पुन्हा बोलू नकोस."

तीन दिवसांनी त्या बाईंचे यजमान आले. कुलपं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा होता. बोटांच्या टोकांना काळं कायमचं मुरलेलं होतं. मालकांनी त्यांना आमच्याच खोलीत आणलं, पाणी दिलं, आणि दिलगिरीची दोन वाक्यं बोलून तिसऱ्याशी अडखळले.

"भांडायला नाही आलो मी," म्हातारबुवा म्हणाले. "इथे कोण वाचतं, तेवढं बघायचं होतं." त्यांनी चष्म्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला. डबी बायकी होती. "तू वाचलंस?"

"हो," मी म्हणाले.

"काय शिकतेस?"

"कॉलेजला आहे. दुसरं वर्ष."

"मग वाचता येत असेल." ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचार करत होते. "आमची ही बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचायची. मी म्हटलं, गरगरतंय तर आज एकच झाकण घे. तर चष्मा पुसून मला दाखवलं. म्हणाली, छापलंय दोन. छापणाऱ्यांनी काय उगाच छापलं असेल?"

त्यांनी कागद उलगडून बाबांपुढे धरला.

"तुम्ही मोठे ना इथले? तुम्ही वाचा. एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बाबांनी कागद हातात घेतला, योग्य अंतरावर धरला आणि वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. आवाज स्वच्छ, कुठे अडखळ नाही. ते पाठ म्हणतायत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. "दैनिक प्रमाण," ते म्हणाले, "प्रौढांसाठी…" आणि थांबले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

मालक पुढे झाले. "साहजिक आहे. डोळे भरून येणारच. आम्हा सगळ्यांनाच…" त्यांनी खिशातून रुमाल काढून बाबांच्या हातात कोंबला.

बाबांनी रुमाल टेबलावर ठेवला. "डोळ्यांत पाणी नाही, मालक. डोळेच नाहीत. वर्षभर नाहीत. मी एकही प्रूफ वाचलेलं नाही." मग त्यांनी मान वळवली; म्हातारबुवांच्या किंचित बाजूला बघत होते, कारण तसं बघितलं तरच त्यांना माणूस दिसायचा. "फोन मी घेतला होता. त्या मुलाने मला दोनदा सांगितलं, एकच पाहिजे. मी त्याला शब्दकोश बघायला सांगितला. ही माझी मुलगी आहे. हिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी सांगू दिलं."

म्हातारबुवांनी त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला. आधीच्याच घड्यांवर दुमडला.

"तिला दिसत होतं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. आणखी काही म्हणायचं असावं, पण ते उठले. जिन्यावरून त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होते.

मालकांना लेखी जबाब हवा होता, कंपनीला पाठवायला. ताईंनी कोरे कागद आणून दिले आणि दार लोटून गेल्या. मालक आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. तारीख, वार, वेळ. कारकून काय म्हणाला, ते काय म्हणाले. 'मात्रा हा शब्द मी चुकीच्या अर्थाने घेतला.' 'जुळणी करणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही.'

"पुढे लिही," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीने दोष आपल्यावर घेतला तेव्हा, स्वल्प, तो मी तिच्यावर राहू दिला, पूर्ण."

मी कागदाकडे बघत बसले.

"लिहिलंस?"

"हो."

"पेन चाललेलं ऐकू आलं नाही."

मी लिहिलं. त्यांनी सगळं एकदा माझ्याकडून वाचून घेतलं, एका ठिकाणी स्वल्पविराम काढायला सांगितला, आणि सहीसाठी हात पुढे केला. मी पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि टोक ओळीवर ठेवलं. सही चांगली सुरू झाली, मग खाली घसरली आणि शेवटची दोन अक्षरं कागद सोडून टेबलाच्या लाकडावर उमटली.

मालकांनी वाकून बघितलं. "राहू द्या," ते म्हणाले. "चालेल."

"काय झालं?" बाबांनी मला विचारलं.

"सही बाहेर गेली."

"मग कसं चालेल?" ते म्हणाले. "दुसरा कागद घे. सगळं पुन्हा लिही. आणि या वेळी कागद संपतो तिथे माझं डावं बोट ठेव."

मालक पुन्हा खिडकीकडे वळले. मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला लागले, ते वाक्य धरून.